दाराकडे पाठ

ताईनं आपली किल्ली परत मागितली, आणि तीही अशी, की मागच्या आठवड्यात नेलेला डबा मागावा. दुकानाच्या पायरीवर पिशवी टेकवली, मानेवरचा घाम पुसला आणि म्हणाली, "तुझ्याकडे माझी एक किल्ली पडून असेल बघ. देऊन टाक." तिचा भाऊ टेबलावरच्या पकडीत अडकवलेल्या किल्लीवर कानस चालवत होता. चालवतच राहिला. पडून असेल म्हणे. पडून कशी असेल? ती खिळ्यावर होती, खिडकीच्या बाजूच्या ओळीत. ताईनं घर घेतलं त्या दिवसापासून तिथेच होती, आणि हे ताईला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. त्या किल्लीनं तिला एकदा का घरात घेतलं होतं? गॅसवर दूध ठेवून ती शेजारणीशी बोलायला बाहेर आली होती आणि वाऱ्यानं दार ओढलं गेलं होतं, तेव्हा हाच पळाला होता, एक चप्पल रस्त्यात टाकून. त्यानं विचारलं, काय झालं एकदम? ताई म्हणाली, काही झालं नाही रे, आपली घरात असलेली बरी. हे म्हणताना ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या डोक्यामागे खुंटीवर राखी रंगाचा शर्ट इस्त्री करून टांगला होता, दंडावर पोलिसी पट्टी शिवलेला. पाहुण्यांसमोर घरातलं काही बोलायचं असलं की माणसं जशी अवघडतात, तशी ताई त्या शर्टासमोर अवघडली होती. सख्खी बहीण. त्यानं किल्ली काढली, फडक्यानं पुसली आणि दिली. ताईनं ती पर्समध्ये टाकली, वहिनीच्या गुडघ्याची चौकशी केली, उन्हाला नावं ठेवली आणि गेली. तो परत कानस चालवायला लागला आणि एक दात जादा घासून बसला. झालं, एक किल्ली वाया.

भिंतीवरची ती फळी वडिलांनी ठोकलेली. या गावात कुणी जादा किल्ली कुंडीखाली ठेवत नसे की पायपुसण्याखाली सरकवत नसे. ती किल्लीवाल्याकडे ठेवायची, असा रिवाज पडून गेला होता आणि तो कुणी पाडला ते कुणालाच सांगता आलं नसतं. कुणी घर बांधलं, कुणी भावापासून वेगळा झाला, कुणी म्हातारा मागे एकटा उरला, की एक किल्ली फळीवर येई. तिला नाव नाही, नंबर नाही, चिठ्ठी नाही. चिठ्ठी लावली की ती चोरालाही वाचता येते, असं वडील म्हणत. त्याला सगळ्या किल्ल्या दातांवरून ओळखू येत. अर्ध्या झोपेत हात घातला तरी पाववाल्याची कुठली आणि सलूनवाल्याची कुठली ते बोटांना कळे. आणि आता फळीवर खिळेच खिळे. पहिला आला पाववाला. सासू राहायला येतेय, तिला एक लागेल. मग सलूनवाला, दारच बदलतोय म्हणाला. ते दार आजतागायत जागचं हललेलं नाही. मग शाळेच्या मोठ्या बाई आल्या. त्यांनी तर कारण सांगायची तसदीही घेतली नाही, नुसता हात पुढे केला, वर्गात कुणाकडून च्युइंगगम काढून घ्यावं तसा. मग एकापाठोपाठ एक, रीघच लागली. त्यानं प्रत्येकाचं कारण खरं मानल्यासारखं केलं. एकानं तरी तोंडावर सांगावं की बाबा रे, तुझ्याकडे किल्ली ठेवायची आता आम्हाला भीती वाटते? सांगितलं असतं तर निदान कडकडून भांडता आलं असतं. दुसऱ्याच्या सासूशी माणूस कसा भांडणार?

ताई गेल्यावर त्यानं फळीकडे धड पाहिलं. एकच किल्ली उरली होती. खालच्या ओळीत, कोपऱ्याला. शिवणबाईची. समोरच्या बोळात तळमजल्याच्या खोलीत मशीन टाकून बसणारी ती बाई, एकटीच राहणारी, गावातल्या निम्म्या लोकांच्या अंगावर तिचा टाका होता. त्याच्या या शर्टाच्या दंडावरची पट्टीसुद्धा तिनंच शिवून दिलेली. आणि हा सगळा घोळ जिच्या घरावरून सुरू झाला, तिचीच किल्ली तेवढी राहावी, हे काय गौडबंगाल होतं ते त्याला उमगत नव्हतं. मोठ्या बाईंचं काय गेलं होतं? ताईचं काय गेलं होतं? जिचं गेलं ती गप्प आणि बाकीच्यांनी हात पुढे केलेले. कधी वाटे, तिनं माफ केलं असेल. ही किल्ली म्हणजे तिचं उत्तरच आहे. मग दुपारभर जरा बरं वाटे. कधी वाटे, ती मुद्दाम ठेवतेय, रोज डोळ्यांसमोर राहावी म्हणून. मग चहाही कडू लागे. पण काही झालं तरी ती किल्ली खिळ्यावर होती, आणि ती आहे तोवर आपण गावाचे किल्लीवाले आहोत, एवढं त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं. ती गेली की मग हे नुसतं कुलपं विकायचं दुकान.

वडिलांनी धंदा शिकवला तेव्हा हातात कानस द्यायच्या आधी उभं कसं राहायचं ते शिकवलं होतं. दार उघडलं रे उघडलं, की दाराकडे पाठ करायची. घरचं माणूस आत जाईल, सगळं ठीक आहे ना बघेल आणि आतून 'हं' म्हणेल. ते 'हं' येईपर्यंत रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं, मग निघायचं. कुलूप आपलं, घर त्यांचं. शिकत असताना एकदा त्याची मान वळली होती. आत कुणीतरी रडत होतं म्हणून वळली होती, भोचकपणा म्हणून नाही. पण वडिलांनी मागून मानगूट धरून त्याचं डोकं रस्त्याकडे फिरवलं, आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ती बोटं मानेवर कितीतरी दिवस राहिली. तेव्हापासून गावातलं एकही घर त्यानं आतून पाहिलं नव्हतं. त्याला माहीत होतं ते घरांच्या उंबऱ्यावरून बाहेर काय दिसतं ते. डॉक्टरांच्या दारातून पिंप आणि भिंतीवरची शेवाळाची रेघ. मोठ्या बाईंच्या दारातून शाळेचं फाटक, म्हणजे बाई घरी असूनही शाळेतच. पाववाल्याच्या दारातून गटार. अर्धं आयुष्य माणसानं दुसऱ्यांच्या गटारांकडे बघत काढायचं, याला काय म्हणावं? आणि 'हं' आलं की संपलं. आत गेलेल्या माणसाला बाहेर कुणी उभं होतं याची आठवणही राहत नसे. बाजारात भेटले तर हसत, पण कुणाकडे बघून हसतोय हे त्यांना आठवावं लागे.

त्यामुळे नगरपालिकेच्या दारावर एक जाहिरात दिसली तेव्हा तो वाचत उभा राहिला. चौकीत एक साहेब आणि दोन हवालदार, एवढ्यावर सगळं गाव. म्हणून राखीव पोलीस हवे होते, गावातलेच, स्वतःच्या मर्जीनं येणारे. आठवड्यातून थोडे तास, पगार नाही, शर्ट आणि शिट्टी मिळेल. बायकोला सांगितलं तेव्हा ती धुतलेली भांडी पुसत होती. विकतचं दुखणं ऐकलं होतं, हे तर फुकटचं दिसतंय, असं म्हणाली आणि पुसत राहिली. घरातली मोरी तुंबलीय ती आधी बघा, मग गावाचं बघा. त्यानं मोरी बघितली नाही. नाव देऊन आला.

आणि शिकवणी सुरू झाली तेव्हा त्याचा त्यालाच शोध लागला. शाळेच्या हॉलमध्ये रविवारी बाहेरून एक मास्तर येत, निवृत्त अधिकारी, पोटावर हात ठेवून बोलणारे. ते एकेकाला शेजारच्या खोलीत पाठवत, पटकन बाहेर बोलावत आणि विचारत, काय पाहिलंत? बाकीचे टेबल, खुर्ची, खिडकी म्हणून गप्प होत. यानं तोंड उघडलं आणि त्याला थांबताच येईना. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली घडी केलेला पुठ्ठा. खडूचं खोकं उघडं, पण झाकण दुसऱ्या खोक्याचं. खिडकीची कडी आतून नुकतीच घासली गेलेली. नकाशा एका बाजूनं खाली ओघळलेला. मास्तर डोळे मोठे करून ऐकत राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, असे डोळे हवेत. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला असं काही म्हणत होतं. इतकी वर्षं त्याची पाठ दाराकडे होती आणि डोळे मात्र आत उपाशी बसले होते, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. घरी येताना तो भेटेल ती गोष्ट बघत आला, ताव मारत आला. मास्तरांनी आणखी एक सांगितलं होतं. अंदाज सांगायचा नाही. कुणाचं असेल, का असेल, हे आपलं काम नाही. डोळ्यांना दिसलं तेवढंच सांगायचं, पण दिसलं ते सगळं सांगायचं. हे त्याला फार पटलं. यात पाप कुठे होतं? नुसतं दिसलेलं सांगण्यात कसलं आलंय पाप?

पुढे जे पदरात पडलं ते सगळं डोक्याला ताप. शाळा सुटताना रस्त्यात उभं राहायचं आणि ज्या बायका त्याला नावानं हाक मारत त्यांना हात करून थांबवायचं. त्या थांबत नसत, आले हं भाऊजी, म्हणून तशाच पलीकडे जात. मैदानावर सामना असला की दोरीपाशी उभं राहायचं आणि दोरीखालून वाकून येणाऱ्या ओळखीच्यांना पाहिलं न पाहिलं करायचं. एकाचा कुत्रा दुसऱ्याच्या पायरीवर घाण करतो, एकाचा रेडिओ दुसऱ्याला झोपू देत नाही, आणि दोघंही फिर्याद घेऊन दुकानात, तो किल्ली कापत असताना. तुम्ही आता सरकारातले. सरकारातले म्हणे! सलूनमध्ये गेला तर खुर्चीतल्या माणसाचं बोलणं वाक्याच्या मध्यात तुटे आणि सलूनवाला उगाच कात्री हवेत वाजवत राही. मग कुणीतरी म्हणे, यंदा उकाडा जास्तच आहे नाही? जास्तच, जास्तच, असं सगळे म्हणत. बायकोचंही तेच. मला मेलीला बाजारात कुणी काही सांगेनासं झालंय, जिथं जावं तिथं हवापाण्याच्या गप्पा, वेधशाळेत लग्न केल्यासारखं झालंय, असं ती रोज बडबडे. त्याला वाटे, आता शर्ट नेऊन द्यावा आणि मोकळं व्हावं. पण शर्ट काढून टाकला तर जे झालं ते आपल्यामुळेच झालं, असं कबूल केल्यासारखं होईल. मग चिडून तो शर्टाला आणखी कडक इस्त्री करायला सांगे.

झालं होतं ते एवढंच, की त्या दुपारी तो शर्ट घालून बोळातून फेरी मारत होता आणि शिवणबाईच्या दाराखालून पाणी येत होतं. चांगलं पायरीवरून ओघळून रस्त्यावर येत होतं. पलीकडून कुणीतरी ओरडलं, नळ राहिला वाटतं, बाई तर कापड आणायला बाहेरगावी गेलीय. असं याआधी कितीदा तरी झालेलं. नळ राहतात, दिवे राहतात, मांजरं कोंडली जातात. तो दुकानात आला, खिळ्यावरची किल्ली घेतली, दार उघडलं. नेहमी तो अशा वेळी मान खाली घालून फरशीकडे बघत सरळ मोरीपर्यंत जाई, नळ बंद करी, फरशीकडेच बघत परत येई. पण त्या दिवशी अंगात शर्ट होता. अंगात शर्ट असताना खाली मान घालून कसं चालणार? त्यानं पाहिलं. नळ बंद केला, कोपऱ्यातलं फडकं घेऊन पाणी निपटलं, कापडाचे तागे उचलून वर ठेवले, इतकं सगळं केलं, आणि करताना पाहत राहिला. मशीनवर अर्धवट शिवलेली बाही. भिंतीवर पाटाएवढा एक फिकट चौकोन, म्हणजे तिथे पूर्वी चित्र होतं. मोरीपाशी पालथे घातलेले दोन कप. आणि दारामागे टेकवलेली एक छत्री, पुरुषी, लांब दांड्याची, जिची मूठ तांब्याच्या तारेनं गुंडाळलेली होती.

शर्ट अंगावर असताना जे केलं ते चौकीत सांगायचं, असा नियम होता. त्यानं सांगितलं. साहेब होते, एक हवालदार होता, आणि चहाचे ग्लास घेऊन आलेला हॉटेलवाला होता. त्यानं उभं राहून, मास्तरांनी शिकवलं होतं तसं, एकेक गोष्ट क्रमानं सांगितली. कुणाचं नाव घेतलं नाही. अंदाज केला नाही. कप दोन. छत्री एक, मूठ तांब्याच्या तारेनं गुंडाळलेली. हवालदार चहात खोकला. हॉटेलवाल्यानं ग्लास टेबलावर इतका सावकाश ठेवला की आवाजच झाला नाही. साहेब बाहेरचे, त्यांना काही समजलं नाही, ते म्हणाले, छान, तपशील चांगला आहे. मोठ्या शहरात छत्री म्हणजे छत्री असते. इथे प्रत्येक छत्रीमागे माणूस असतो. ती तार मीटरवाल्यानं गुंडाळली होती, घरोघरी विजेचे मीटर वाचत फिरणाऱ्या त्या मुकाट माणसानं, ज्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि जो मुला-सुनेकडे राहत होता. उरलेल्या तारेच्या तुकड्यानं त्यानं छत्री दुरुस्त केली होती आणि सगळ्या गावानं त्याची त्यावरून थट्टा केली होती. मग किल्लीवाल्याला स्वतःला ती छत्री ओळखू आली नव्हती का? हा प्रश्न त्यानं बरेच दिवस टाळला होता. आली होती. दारामागे नजर गेली त्याच क्षणी आली होती. आणि चौकीत सांगताना, तार हा शब्द तोंडातून निघायच्या आधी, एक बारीकसा थांबा आला होता, त्यात तो शब्द गिळता आला असता. गिळला नाही. असे डोळे हवेत.

त्या संध्याकाळी शिवणबाई दुकानात आली होती. कापडाचं गाठोडं अजून हातातच. तुम्ही होतात म्हणून बरं झालं, नाहीतर सगळे तागे भिजले असते, असं म्हणाली. फरशीसुद्धा पुसलीत, असं म्हणून हसली. तोवर हॉटेलातून गोष्ट बोळापर्यंत पोचली नव्हती. त्यानं म्हटलं, त्यात काय एवढं. तिचं ते हसणं त्याला आता नकोसं झालं होतं. पुढे कुणी काय बोललं, मीटरवाल्याच्या सुनेनं पाणवठ्यावर काय तमाशा केला, हे त्याला कुणी सांगितलं नाही, कारण त्याला आता कुणीच काही सांगत नव्हतं. कळलं ते फक्त तुकड्यातुकड्यानं, बायकोच्या बडबडीतून. त्यानं मनाची समजूत घातली होती. गावं बोलतात आणि विसरतात. ती मशीन चालवते आहे, मीटरवाला मीटर वाचत असेल. हल्ली त्यांच्या भागात मीटर वाचायला दुसरीच एक बाई येत होती, चष्मा लावणारी, घाईत असणारी. बदल्या होतच असतात, असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं.

ताई गेली त्या दुपारी बायको डबा घेऊन आली. फळीकडे पाहून म्हणाली, ताई नेऊन गेल्या वाटतं. त्याला वाटलं, ही आता बोलणार. पण ती त्याच्यासमोर डबा उघडून बसली, आणि एकाएकी तिचा आवाज मऊ झाला. म्हणाली, एकदा त्या शिवणबाईच्या दारात जाऊन या हो. काय ते बोला, काय ते ऐकून घ्या. त्यानं घास गिळून सांगितलं की तिची किल्ली आहे ना माझ्याकडे, तिला राग असता तर तिनं पहिल्यांदा नेली असती. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, भरल्या ताटावर बसलेल्या माणसाला काही सांगू नये म्हणून गप्प राहिल्यासारखं. डबा धुवायला घेऊन गेली.

ऊन कलल्यावर त्यानं दुकान आवरलं. मैदानावर दोरीपाशी उभं राहायचं होतं. त्यानं शर्ट घातला, वरचं बटण लावलं, आणि वळला तर पायरीवर शिवणबाई उभी होती. हातात काही नाही, पायात घरातल्या सपाता.  एवढे दिवस ज्याची वाट पाहिली ते समोर उभं होतं आणि आता ते नको वाटत होतं. तिनं शर्टाकडे पाहिलं नाही की त्याच्याकडे पाहिलं नाही. दार ओढलं गेलं म्हणाली, कचरा टाकायला बाहेर आले होते. ऐकलं मात्र, त्याला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. एवढंच ना? हे तर त्याचं नेहमीचं. तो जवळजवळ धावतच फळीपाशी गेला. बघा, म्हणावंसं वाटलं, सगळ्यांनी नेल्या, तुमची मी ठेवली. त्यानं किल्ली खिळ्यावरून काढली, फडक्यानं पुसली आणि तिच्यापुढे धरली.

"तिचा उपयोग नाही," ती म्हणाली. "कुलूप बदललंय."

केव्हा, असं त्यानं विचारलं. पाणी झालं त्याच्या पुढच्याच आठवड्यात, असं ती म्हणाली. बाहेरगावचा माणूस बोलावला होता. तो किल्ली हातात धरून उभा राहिला. दात तेच, ओळखीचे, बोटांखाली एकेक लागत होता. म्हणजे इतके दिवस तो खिळ्यावरच्या ज्या तुकड्याकडे बघून स्वतःची समजूत घालत होता, तो तुकडा जगातल्या कुठल्याच दाराचा नव्हता. तिनं परत मागितली नाही, कारण परत मागण्यासारखं तिच्या दृष्टीनं काही उरलंच नव्हतं. बाकीच्यांनी निदान हात तरी पुढे केला होता. त्याला राग आला, कुणाचा ते कळेना. बायकोला हे ठाऊक होतं, म्हणूनच ती दुपारी गप्प राहिली, त्याचा आला. त्या बाहेरगावच्या माणसाचा आला, ज्यानं आपल्या गावात येऊन कुलूप बसवलं. मग त्यानं एकदम शर्टाची बटणं सोडायला सुरुवात केली. शर्ट काढून खुंटीवर टाकला, तो घसरून खाली पडला, तसाच राहू दिला, आणि हत्यारांची पिशवी घेऊन नुसत्या बनियनवर बाहेर पडला. भर दिवसा, बनियनवर, शिवणबाईच्या मागोमाग. हॉटेलवाला चहा ओतायचा थांबला. बघ म्हणावं, बघ आणि सांग जिथे सांगायचं तिथे. त्याला स्वतःचीच फजिती दिसत होती आणि चीड येऊन तो आणखी ताठ चालत होता.

कुलूप चकचकीत, महागातलं, आणि बसवलेलं अगदी गबाळं. चौकट छिलून काढली होती, एक स्क्रू तिरका गेलेला. तो गुडघ्यावर बसला. बारीक हूक आत घातला आणि डोळे मिटून घेतले, कारण कुलूप बोटांनीच दिसतं. ती बाजूला उभी होती, तिच्या सपातांची कुरकुर त्याला ऐकू येत होती. तेवढा वेळ फार बरा गेला. आत एकेक पिन उचलली जात होती आणि त्याला वाटत होतं, हे जर असंच चाललं, हे कुलूप कधी उघडलंच नाही, तर किती चांगलं. पण ते उघडलं. दार आत ढकललं जाताच तो उठला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. समोर रंग उडालेली भिंत, एक बंद खिडकी, आणि खिडकीखाली विजेचा मीटर. या दारातून मीटर दिसतो हे त्याला कायम माहीत होतं. मीटर वाचायला येणारा माणूस त्या मीटरपाशी उभा राहिला, तर त्याला हे दार दिसत असणार, हे मात्र आजवर कधी सुचलं नव्हतं. असंच सुरू झालं असेल. छत्री टेकवून, आकडे वाचून, वळून. तो 'हं'ची वाट बघू लागला. मागे सपातांचा आवाज आला नाही. ती आत गेलीच नव्हती.

"वळा," ती म्हणाली.

तो वळला नाही.

"वळा की. त्या दिवशी तर सगळं नीट पाहिलंत. आजही बघा. एकच कप आहे."

तिचा आवाज चढलेला नव्हता. मापं सांगावीत तसा होता. त्यानं तोंड उघडलं. मी नाव घेतलं नव्हतं, हे वाक्य जिभेवर तयार होतं, इतके दिवस घासूनपुसून तयार ठेवलेलं, आणि आता ते बाहेर काढायची त्याला शरम वाटली. माफी मागावी तर ती कशा शब्दांत मागायची ते कुणी शिकवलं नव्हतं. वडिलांनी शिकवलं नव्हतं, मास्तरांनी शिकवलं नव्हतं. वळावं, तिच्याकडे पाहावं, एवढंच खरं तर करायचं होतं. मान फिरेना. मानगुटीवर बोटं असल्यासारखी ती रस्त्याकडेच राहिली. जेव्हा कुणी बघ म्हटलं नव्हतं तेव्हा पोटभर पाहिलं, आणि आता ती स्वतः दार उघडं धरून बघ म्हणतेय तर हा शहाणा समोरच्या मीटरवरचे आकडे वाचत उभा.

"चुकलं माझं," तो मीटरकडे बघत म्हणाला.

 मग सपाता हलल्या, आत गेल्या. दार लागलं. नव्या कुलपाचा एक फेरा फिरला, मग दुसरा, आणि दुसरा निम्म्यातच अडला. त्याच्या कानाला ते लगेच कळलं. कुलपाची जीभ चौकटीत पुरती शिरत नव्हती. असं कुलूप नुसत्या खांद्याच्या धक्क्यानं उघडेल. एकटी बाई राहते. तो वळला, पहिल्यांदाच, आणि समोर बंद दार होतं. त्या दारालाच तो म्हणाला, बाई, कुलूप नीट बसलेलं नाही, दुसरा फेरा निम्माच होतोय, चौकट थोडी कोरावी लागेल, मी आत्ता करून देतो, आत यायची गरज नाही, बाहेरूनच होईल.

"राहू दे," ती आतून म्हणाली.

तो पुन्हा रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मैदानावर सामना सुरू व्हायची वेळ झाली होती, दोरीपाशी कुणी नसणार, लोक खुशाल वाकून आत शिरत असतील. बोळातून जाणारे त्याच्या बनियनकडे बघून, बोलणं थांबवून, पुढे जात होते. जायला हवं होतं. पण आतून अजून 'हं' आलं नव्हतं, आणि ते आलंच नाही तर काय करायचं, हे वडिलांनी सांगून ठेवलं नव्हतं.